नवे लेबर कोड: वकील, सल्लागार आणि एचआरवाले पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चारही श्रम संहिता लागू झाल्या आणि त्या संध्याकाळपासून फोन थांबलेला नाही. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचा प्रश्न एकच होता, "बेसिक पन्नास टक्के करायचं ना?" मग प्रश्न बारीक होत गेले. इथे तेच प्रश्न साध्यापासून किचकटाकडे लावले आहेत. उत्तरांना आधार संहितांच्या मूळ कलमांचा आहे. जिथे आमचं मत आहे तिथे ते मत म्हणूनच लिहिलं आहे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे परत सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कोड खरंच लागू झालेत का? नियम अंतिम नसतील तर आम्ही पाळायचं काय?

झालेत. वेतन संहिता २०१९, औद्योगिक संबंध संहिता २०२०, सामाजिक सुरक्षा संहिता २०२० आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० या चौघींनी मिळून २९ केंद्रीय कायद्यांची जागा घेतली. केंद्राच्या नियमांचे मसुदे ३० डिसेंबर २०२५ रोजी प्रसिद्ध झाले. पण "नियम नाहीत म्हणजे कोड नाही" हा युक्तिवाद टिकणार नाही. वेतनाची व्याख्या, दोन दिवसांत हिशेब, मुदतीच्या नेमणुकीची ग्रॅच्युइटी यांना नियमांची वाट पाहावी लागत नाही, कलमच पुरेसं आहे. फॉर्म, रजिस्टर, नमुने यांसाठी प्रत्येक संहितेत बचावाचं कलम आहे. जुन्या कायद्याखालचे नियम आणि अधिसूचना नव्या तरतुदींशी विसंगत नसतील तितपत चालू राहतात. म्हणून जुनी रजिस्टरं रद्दीत घालू नका.

२. महाराष्ट्रातले कोणते कायदे गेले आणि कोणते राहिले?

गेले ते केंद्राचे: औद्योगिक विवाद अधिनियम १९४७, स्थायी आदेशांचा १९४६ चा कायदा, ट्रेड युनियन अधिनियम १९२६, वेतन प्रदान, किमान वेतन, बोनस, ग्रॅच्युइटी, कंत्राटी कामगार, कारखाने अधिनियम आणि त्यांची भावंडं.

राज्य विधिमंडळाने स्वतंत्रपणे केलेले कायदे संहितांच्या निरसनाच्या यादीत नाहीत. दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७, माथाडी कायदा १९६९, खासगी सुरक्षा रक्षकांचा १९८१ चा कायदा, कामगार कल्याण निधी, किमान घरभाडे भत्त्याचा १९८३ चा कायदा आणि युनियनची मान्यता व अनुचित कामगार प्रथा यांबाबतचा आपला एमआरटीयू अँड पीयूएलपी १९७१ हे सगळे आहेत तिथेच आहेत. दिल्लीहून आलेलं तयार कम्प्लायन्स चेकलिस्ट महाराष्ट्रातल्या क्लायंटला तसंच पाठवलं की पहिली चूक इथेच होते. घरभाडे भत्त्याचा कायदा तर अर्ध्या एचआर विभागांनी कोड येण्याआधीही उघडून पाहिलेला नव्हता.

३. बेसिक सीटीसीच्या (कंपनीला माणसामागे येणाऱ्या एकूण खर्चाच्या) ५० टक्के करणं सक्तीचं आहे का?

नाही. "बेसिक ५० टक्के ठेवा" असं एकही कलम म्हणत नाही. कलम काय म्हणतं ते शांतपणे वाचा.

वेतन म्हणजे सगळा मोबदला, मग तो पगार म्हणा, भत्ता म्हणा की आणखी काही. त्यात बेसिक, महागाई भत्ता आणि रिटेनिंग अलाउन्स (काम नसतानाच्या काळात माणूस राखून ठेवण्यासाठी दिलेला भत्ता) येतात. त्यातून एक ठरावीक यादी वगळली आहे: कायद्याने देय बोनस, घराची व वीज-पाण्याची किंमत, मालकाचा पीएफ, कन्व्हेयन्स, कामाच्या विशेष खर्चापोटी दिलेली रक्कम, एचआरए, निवाडा किंवा तडजोडीखालची रक्कम, ओव्हरटाइम आणि कमिशन. शिवाय ग्रॅच्युइटी व नोकरकपातीची भरपाई वगळलेली आहे, पण या दोघी ५० टक्क्यांच्या मोजणीत येत नाहीत. आधीच्या नऊ बाबींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर जास्तीची रक्कम वेतनात परत येते.

या यादीत "स्पेशल अलाउन्स" कुठे आहे? नाही. "सिटी अलाउन्स", "पर्सनल पे", "फिक्स्ड अलाउन्स" हेही नाहीत. जे यादीत नाही ते पहिल्या रुपयापासून वेतन.

महिना ६०,००० ची एक स्लिप घ्या. बेसिक १८,०००, एचआरए ९,०००, कन्व्हेयन्स ३,२००, स्पेशल अलाउन्स २८,०००, मालकाचा पीएफ १,८००. वगळण्याजोगं किती? ९,००० अधिक ३,२०० अधिक १,८००, म्हणजे १४,०००. हे निम्म्याच्या खूप खाली आहे, म्हणून परत आणायचं काही नाही. वेतन किती? १८,००० नाही आणि ३०,००० ही नाही. ते ४६,००० आहे.

आता दुसरी स्लिप, तीही ६०,००० चीच. बेसिक २०,०००, एचआरए २०,०००, कन्व्हेयन्स ८,२००, कमिशन १०,०००, मालकाचा पीएफ १,८००. वगळलेलं ४०,००० झालं. निम्म्याहून १०,००० जास्त, ते परत आले आणि वेतन ३०,००० झालं.

ज्या कंपनीने घाईघाईने बेसिक ३०,००० केलं आणि उरलेलं सगळं स्पेशल अलाउन्समध्ये ठेवलं, तिने कागद बदलला, दायित्व तसंच राहिलं. आमच्याकडे येणाऱ्या दर तीन-चार रचनांपैकी एक तरी अशी असते.

एक अपवाद लक्षात ठेवा. समान वेतन आणि वेतन अदा करण्याच्या प्रयोजनासाठी कन्व्हेयन्स, एचआरए, निवाड्याखालची रक्कम आणि ओव्हरटाइम हे चार घटक वेतनात धरायचे असतात. त्यामुळे "एचआरए वेतन नाही, उशिरा दिला तरी चालेल" असं म्हणता येत नाही.

४. मग कामगाराच्या हातात येणारा पगार कमी होणार का?

पीएफ १५,००० च्या मर्यादेवर कापला जात असेल तर नाही. १२ टक्क्यांनी १,८०० आधीही जात होते, आताही तेवढेच जातील. केंद्रीय श्रम मंत्रालयानेही हेच स्पष्टीकरण दिलं आहे.

फरक पडतो तो तळाच्या पगारांत. बेसिक १०,००० आणि स्पेशल अलाउन्स १२,००० असलेल्या मुलाचा पीएफ १,२०० कापला जात होता, आता १५,००० वर १,८०० जाईल. खरं तर सरसकट सगळ्यांना मिळणारे भत्ते पीएफसाठी बेसिकच धरायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात सांगितलेलंच होतं. ज्यांनी तेव्हा ऐकलं त्यांना आता काही करावं लागत नाही.

५. पीएफचं कळलं, पण ईएसआयसीमध्ये (कर्मचारी राज्य विम्यात) माणसं अचानक आत कशी येतायत?

कारण तिथे व्याख्या उलट्या दिशेने सरकली. जुन्या ईएसआय कायद्यात वेतनात एचआरएसुद्धा धरला जायचा. २६,००० ग्रॉस असलेला माणूस २१,००० च्या मर्यादेबाहेर होता. त्याच्या २६,००० पैकी ६,००० एचआरए असेल तर नव्या व्याख्येने वेतन २०,००० होतं आणि तो आत येतो. २१,००० ते साधारण ३०,००० ग्रॉसच्या पट्ट्यातल्या सगळ्यांची मोजणी पुन्हा करा. ग्रुप मेडिक्लेम दिलाय म्हणून ईएसआयसी टळत नाही.

६. राजीनामा दिला की दोन दिवसांत फुल अँड फायनल? लॅपटॉप परत आला नाही तरी?

वेतन संहितेचं कलम १७(२) सांगतं की बडतर्फी, काढून टाकणं, नोकरकपात, राजीनामा किंवा आस्थापना बंद झाल्याने नोकरी जाणं, यांपैकी काहीही असो, देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं. पूर्वीच्या कायद्याला २४,००० ची मर्यादा होती, आता ती नाही. त्यामुळे जनरल मॅनेजरलाही हे लागू आहे.

दोन दिवस कधीपासून? कलमात "राजीनामा" एवढाच शब्द आहे. नोटीस पिरियड चालू असताना माणूस कामावरच असतो, म्हणून शेवटच्या कामाच्या दिवसापासून मोजणं आम्हाला योग्य वाटतं.

हे बंधन वेतनाचं आहे. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते, ती मुदत वेगळी.

लॅपटॉपचं म्हणाल तर "नो ड्यूज आल्याशिवाय पैसे नाहीत" ही पद्धत आता कायद्याला धरून नाही. ताब्यात दिलेल्या वस्तूचं नुकसान किंवा हरवणं यासाठी कपात करता येते. पण ते माणसाच्या निष्काळजीपणामुळेच झालं असलं पाहिजे आणि कपातीआधी त्याला म्हणणं मांडायची संधी दिली पाहिजे. एकूण कपात वेतनाच्या ५० टक्क्यांपुढे जाता कामा नये. नोटीस पगाराची वसुली ही बाब कपातींच्या यादीत वेगळी दिलेली नाही. वसूल करायचीच असेल तर नेमणूकपत्रातली अट, माणसाची लेखी संमती आणि हिशेबाचा कागद, तिन्ही हाताशी ठेवा.

व्यवहारात एकच उपाय चालतो, तो म्हणजे क्लिअरन्स शेवटच्या दिवशी सुरू न करता नोटीस मिळाल्याच्या दिवशी सुरू करणं.

७. ग्रॅच्युइटी आता एका वर्षात सगळ्यांना मिळते ना?

नाही. व्हॉट्सअॅपवर फिरलेला हा सगळ्यात मोठा गैरसमज. कायम कर्मचाऱ्याला पाच वर्षांची अट आहे तशी आहे. श्रमिक पत्रकारांना तीन वर्षं. मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास अट नाही. एक वर्ष पुरतं ते फक्त मुदतीच्या नेमणुकीला, म्हणजे मालक आणि कर्मचारी यांच्यातल्या थेट लेखी कराराने ठरावीक काळासाठी घेतलेल्याला. त्याला सेवेच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते.

मुदत संपल्यावर नोकरी संपली तर ती नोकरकपात धरली जात नाही, म्हणून नोकरकपातीची भरपाई नाही. पण कायम कामगाराला मिळणारे वेतन, कामाचे तास, भत्ते आणि इतर लाभ त्याच कामाच्या मुदतीच्या कामगाराला कमी देता येत नाहीत. ठेकेदाराकडून आलेला माणूस हा मुदतीचा कर्मचारी नव्हे. त्याच्यासाठी प्रश्न १४ पाहा.

८. माणूस पंधरा वर्षं नोकरीत आहे. नोव्हेंबर २०२५ आधीच्या वर्षांची ग्रॅच्युइटी जुन्या बेसिकवर आणि नंतरची नव्या वेतनावर, असं चालेल का?

चालणार नाही. सूत्र पूर्वीचंच आहे: शेवटचं वेतन गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं, कमाल २० लाख. "शेवटचं वेतन" एकच असतं. २१ नोव्हेंबर २०२५ किंवा नंतर जो बाहेर पडतो, त्याच्या सगळ्या वर्षांना नवी व्याख्या लागते. त्याआधी जो गेला त्याला जुना कायदा.

प्रश्न ३ मधल्या पहिल्या स्लिपवर हे मोजा. १८,००० वर दर वर्षामागे साधारण १०,३८५ येतात, ४६,००० वर २६,५३८. पंधरा वर्षांचा फरक दोन लाख चाळीस हजारांच्या वर जातो, तोही एकाच माणसामागे. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ च्या तिमाहीत टीसीएसने नव्या कोडपायी २,१२८ कोटी आणि इन्फोसिसने १,२८९ कोटींचा भार दाखवला, त्याचं मूळ हेच आहे. छोट्या क्लायंटला हे आकडे दाखवा. "आम्हाला काय फरक पडतो" हे वाक्य नंतर ऐकू येत नाही.

९. गैरवर्तनासाठी काढलं तर ग्रॅच्युइटी जप्त करता येते का? फौजदारी शिक्षा झालेली हवी का?

नैतिक अधःपतनाचा गुन्हा ठरेल अशा कृत्यासाठी काढलं असेल तर पूर्ण किंवा अंशतः जप्ती करता येते. पूर्वी २०१८ च्या एका निकालातल्या निरीक्षणाच्या आधारे फौजदारी न्यायालयाने दोषी ठरवलेलं हवं, असं मानलं जायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या प्रकरणात ते दूर केलं. खातेनिहाय चौकशीत सिद्ध झालेलं वर्तन तसं असेल तर तेवढं पुरतं.

हा निकाल वाचताना लोक अर्ध्यावर थांबतात. त्याच निकालात आपल्या एसटीच्या वाहकांची प्रकरणंही होती, तिकिटाचे पैसे न भरल्याची. जन्मतारीख खोटी देऊन नोकरी मिळवणाऱ्याची पूर्ण ग्रॅच्युइटी जप्त झाली, तर वाहकांची जप्ती न्यायालयाने २५ टक्क्यांवर आणली. म्हणजे अधिकार आहे, पण प्रमाण पाहून वापरायचा. जप्तीचा वेगळा, कारणं देणारा आदेश काढा आणि त्याआधी नोटीस द्या. बडतर्फीच्या पत्रात शेवटी एक ओळ घुसवून हे होत नाही. निकाल जुन्या कायद्यावरचा असला तरी संहितेतली शब्दरचना तशीच असल्याने तो उपयोगी राहील.

१०. 'वर्कर' कोण? सुपरवायझरला १८,००० ची मर्यादा म्हणजे नेमकं काय?

औद्योगिक संबंध संहितेत व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारा वर्कर नाही, त्याचा पगार कितीही असो. पर्यवेक्षकीय काम करणारा १८,००० पेक्षा जास्त वेतन घेत असेल तर तोही बाहेर. पूर्वी हा आकडा १०,००० होता. तांत्रिक, कारकुनी किंवा अंगमेहनतीचं काम करणाऱ्याला मर्यादाच नाही. दीड लाख घेणारा सॉफ्टवेअर इंजिनिअरही कामाच्या स्वरूपावरून वर्कर ठरू शकतो. एमआर (औषध कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी) आणि श्रमिक पत्रकार व्याख्येतच आहेत. हुद्दा पाहू नका, तो सकाळी आल्यावर काय करतो ते पाहा: रजा मंजूर करतो का, कारणे दाखवा नोटिशीवर सही करतो का. आणि १८,००० मोजताना वेतन प्रश्न ३ प्रमाणे काढायचं, ग्रॉस धरायचं नाही.

११. एमआरटीयू अँड पीयूएलपीखाली तक्रार अजून दाखल करता येते का?

आमच्या मते येते. कायदा रद्द झालेला नाही (प्रश्न २). कलम २८ ची ९० दिवसांची मुदत, परिशिष्ट चारमधली अनुचित कामगार प्रथांची यादी, अंतरिम आदेशाची सोय, सगळं कायम आहे.

समोरच्या वकिलाचा पहिला हल्ला व्याख्येवर येईल. या कायद्यातला "कर्मचारी" औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम २ मधल्या "वर्कमन" वर उभा आहे आणि तो अधिनियमच गेला, मग तक्रारदार कोण? याचं उत्तर जनरल क्लॉजेस अॅक्टच्या कलम ८ मध्ये आहे. केंद्रीय कायदा रद्द करून पुन्हा केला की इतर कायद्यांतले जुने उल्लेख नव्या तरतुदीचे उल्लेख म्हणून वाचायचे. म्हणजे "वर्कमन" च्या जागी "वर्कर" वाचा. हा मुद्दा तक्रारीतच एका परिच्छेदात मांडून ठेवा.

खरा पेच मान्यतेच्या प्रकरणात आहे. राज्याच्या कायद्यात ५० किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या उपक्रमात ३० टक्के सभासद असलेली संघटना मान्यतेसाठी अर्ज करू शकते. संहितेत एकापेक्षा जास्त संघटना असतील तर वाटाघाटीसाठी ५१ टक्के लागतात. तेवढे कुणाकडेच नसतील तर वाटाघाटी परिषद होते आणि २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी. दोन्ही कायदे एकाच कारखान्यात कसे नांदणार? समवर्ती सूचीतला विषय आहे, राज्याच्या कायद्यानंतर संसदेने कायदा केला आहे, त्यामुळे अनुच्छेद २५४ चा (केंद्र आणि राज्याचे कायदे विसंगत असतील तर कोणता चालेल याचा) वाद उच्च न्यायालयात जाणारच. तोवर मान्यताप्राप्त युनियनशी करार करताना दुसऱ्या युनियनचं संख्याबळ लेखी नोंदवून ठेवणं शहाणपणाचं.

१२. लेबर कोर्टातली आमची चालू प्रकरणं कुठे गेली? नवा वाद कुठे न्यायचा?

संहितेत एक न्यायिक आणि एक प्रशासकीय असे दोन सदस्यांचे न्यायाधिकरण आहे. ती प्रत्यक्ष उभी राहीपर्यंत पोकळी होऊ नये म्हणून केंद्राने डिसेंबर २०२५ मध्ये अडचणी दूर करण्याचा आदेश काढला आणि आधीची कामगार न्यायालयं व न्यायाधिकरणं काम करत राहतील हे स्पष्ट केलं. तारखांना जात राहा.

मुदत मात्र बदलली. बडतर्फ कामगाराला औद्योगिक विवाद अधिनियमाखाली थेट अर्जासाठी तीन वर्षं होती. आता वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांनंतर समेट अधिकारी कारवाई चालवू शकत नाही आणि समेट फसल्याचा अहवाल मिळाल्यावर ९० दिवसांत न्यायाधिकरणात अर्ज करायचा असतो. सरकारच्या संदर्भपत्राची (वाद न्यायालयाकडे पाठवण्याच्या आदेशाची) वाट पाहण्याचा जुना टप्पा आता नाही. "साहेब, फाइल मंत्रालयात आहे" असं अशिलाला सांगायची सोयही गेली.

१३. ३०० चा आकडा नक्की कुठे कुठे लागतो?

दोन ठिकाणी, आणि मोजणी दोन्हीकडे वेगळी आहे. स्थायी आदेशांसाठी (आस्थापनेतल्या सेवाशर्ती व शिस्तीच्या नियमांसाठी) मागच्या बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी ३०० वर्कर असले की पुरे. ले-ऑफ (काम नसल्याने तात्पुरतं घरी बसवणं), नोकरकपात आणि आस्थापना बंद करण्याच्या पूर्वपरवानगीसाठी मागच्या बारा महिन्यांत कामाच्या दर दिवशी सरासरी ३०० लागतात, आणि ते फक्त कारखाना, खाण, मळा यांत, हंगामी सोडून. अर्जावर ६० दिवसांत निर्णय आला नाही तर परवानगी मिळाली असं धरलं जातं.

महाराष्ट्रात स्थायी आदेश ५० कामगारांपासून लागत होते. ५० ते २९९ च्या कारखान्यांना आता ते सक्तीचे नाहीत. म्हणून ते फाडून टाकावेत असं नाही. शिस्तभंगाची कारवाई कोणत्या नियमाखाली केली, हे कोर्ट विचारणारच. प्रमाणित स्थायी आदेश सेवाशर्ती म्हणून चालू ठेवा, असा आमचा सल्ला आहे.

३०० च्या खाली परवानगी नाही म्हणजे सगळं मोकळं, असंही नाही. एक महिन्याची नोटीस, दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचं सरासरी वेतन, शेवटी आलेला आधी जाणार हा क्रम, हे सगळं आहे. शिवाय नवी भर म्हणजे पुनर्कौशल्य निधी. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने शेवटच्या वेतनाचे १५ दिवस भरायचे आणि ते ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात गेले पाहिजेत. नोकरकपातीच्या हिशेबात ही रक्कम बहुतेक वेळा राहून जाते.

१४. कंत्राटी कामगार 'कोअर' (आस्थापनेच्या मुख्य) कामाला लावता येतात का?

मूळ नियम असा की येत नाहीत. पण अपवाद तीन आहेत: ते काम त्या उद्योगात एरवी ठेकेदारामार्फतच होत असेल, दिवसाचा बहुतांश काळ पूर्णवेळ माणूस लागत नसेल, किंवा अचानक वाढलेलं काम ठरावीक वेळेत संपवायचं असेल. साफसफाई, पहारा, कॅन्टीन, हमाली, बागकाम, कुरिअर, वाहतूक अशी कामं सहसा कोअर नाहीत, जोपर्यंत ते आस्थापनेचं मुख्य कामच नाही. हाउसकीपिंग पुरवणाऱ्या कंपनीचं कोअर काम हाउसकीपिंगच. संहितेतला हा भाग ५० किंवा जास्त कंत्राटी कामगार असतील तिथे लागतो.

एक दार लक्षात ठेवा. ठेकेदाराने ज्याला कायम ठेवलं आहे, ठरावीक वेतनवाढ आणि सामाजिक सुरक्षा दिली आहे, तो "कंत्राटी कामगार" या व्याख्येतच येत नाही. मोठ्या स्टाफिंग कंपन्या इथूनच जातील. पण ती वेतनवाढ दर वर्षी प्रत्यक्ष दिलेली दाखवता आली पाहिजे.

सरकारी आणि निमसरकारी क्लायंटसाठी वेगळी सूचना. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ च्या जग्गो, जानेवारी २०२५ च्या श्रीपाल आणि ऑगस्ट २०२५ च्या धरमसिंग या निकालांत सांगितलं की कायम स्वरूपाचं काम वर्षानुवर्षं तात्पुरत्या नावाने करून घेऊन उमादेवी निकालाची (तात्पुरत्या नेमणुकीमुळे कायम होण्याचा हक्क मिळत नाही, असं सांगणाऱ्या) ढाल पुढे करता येणार नाही. नगरपालिकांचे सफाई कामगार हे निकाल घेऊन येतायत आणि त्यांचं म्हणणं ऐकलं जातंय.

१५. संपाची नोटीस आता प्रत्येक कारखान्यात लागते का? सामूहिक रजा टाकली तर?

हो. पूर्वी नोटिशीचं बंधन लोकोपयोगी सेवांनाच होतं, आता सगळ्या औद्योगिक आस्थापनांना आहे. नोटीस दिल्यावर १४ दिवस थांबायचं आणि ती ६० दिवसांच्या आत वापरायची. समेट चालू असताना आणि संपल्यावर सात दिवस संप नाही. समेट सुरू झाला असं धरतात ते समेट अधिकाऱ्याने घेतलेल्या पहिल्या बैठकीपासून. म्हणजे चौदा दिवसांत बैठक लागली की संपाची तारीख पुढे गेली. युनियनवाले यावर चिडतात आणि त्यांचं चिडणं समजण्यासारखं आहे.

५० टक्के किंवा जास्त कामगारांनी एका दिवशी ठरवून किरकोळ रजा टाकली तर तो संपच. बेकायदा संपाला १,००० ते १०,००० दंड किंवा महिनाभरापर्यंत कैद, किंवा दोन्ही. बेकायदा टाळेबंदीला दंड ५०,००० ते एक लाख.

१६. बारा तासांची शिफ्ट आता चालते का?

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांसाठी रोजचे तास ९ वरून १२, दुकाने-आस्थापनांसाठी ९ वरून १० आणि दोन्हींकडे तिमाही ओव्हरटाइम १४४ तासांपर्यंत नेण्याला मंजुरी दिली. दुकानांचा कायदा राज्याचा असल्याने तिथली दुरुस्ती स्वतःच्या पायावर उभी आहे. कारखान्यांबाबत मात्र ज्या मूळ केंद्रीय कायद्यात दुरुस्ती करायची तोच रद्द झाला. संहिता आठ तासांचा दिवस सांगते आणि ओव्हरटाइमला कामगाराची संमती व दुप्पट दर मागते. मंत्रिमंडळाच्या बातमीचं कात्रण दाखवून कारखान्यात शिफ्ट बदलू नका, संहितेखालची राज्याची अधिसूचना हातात असेल तरच बदला.

१७. आमचं धर्मादाय हॉस्पिटल आहे. कोड आम्हाला लागतच नाहीत ना?

औद्योगिक संबंध संहितेपुरता मुद्दा घेता येईल. पूर्णतः किंवा बऱ्याच अंशी धर्मादाय, सामाजिक किंवा परोपकारी काम करणाऱ्या संघटनांच्या संस्था "उद्योग" च्या व्याख्येबाहेर आहेत. पण ओपीडीचे दर शेजारच्या खासगी हॉस्पिटलइतकेच असतील तर "बऱ्याच अंशी" सिद्ध करताना घाम फुटेल. वेतन आणि सामाजिक सुरक्षा संहितांना "उद्योग" असण्याची गरजच नाही. नर्सला ग्रॅच्युइटी आणि वेळेवर पगार द्यावाच लागेल.

१८. तीन वर्षांचा बॉण्ड मोडणाऱ्याकडून पैसे घेता येतात का?

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी सोडल्यास दोन लाखांची अट वैध ठरवली. पण तिथे सार्वजनिक बँकेचा भरतीचा खर्च आणि ती संपूर्ण प्रक्रिया पुन्हा करण्याचा त्रास हे कारण होतं. तीन दिवसांचं इंडक्शन देऊन पाच लाखांचा बॉण्ड लिहिणाऱ्या कंपनीला या निकालाचा फार आधार नाही. प्रशिक्षणाचा खरा खर्च दाखवा. आणि रक्कम शेवटच्या पगारातून परस्पर कापू नका, प्रश्न ६ पाहा.

१९. डिलिव्हरी करणाऱ्या मुलांना यातलं काय मिळतं?

सामाजिक सुरक्षा संहितेत गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची व्याख्या आहे, ग्रॅच्युइटी किंवा किमान वेतन नाही. अॅग्रिगेटर कंपनीने (अॅपवरून ग्राहक आणि कामगार जोडणाऱ्या) वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत द्यायचे, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपुढे नाही. लाभ योजनांमधून मिळायचे आहेत. नियमांचा मजकूर इथे सगळ्यात महत्त्वाचा.

२०. अंतर्गत समितीने लैंगिक छळ सिद्ध धरला. त्या कर्मचाऱ्याचा बोनस थांबवला तर चालेल?

वेतन संहितेने बोनसच्या अपात्रतेत लैंगिक छळाची भर घातली आहे, पण शब्द "दोषसिद्धी" असा आहे. समितीचा अहवाल म्हणजे दोषसिद्धी नव्हे. समितीच्या शिफारशीवरून शिस्तभंगाची कारवाई करा, वेतनवाढ रोखा, बडतर्फ करा, त्याला आडकाठी नाही. बोनस मात्र फौजदारी न्यायालयाने दोषी ठरवेपर्यंत या कारणाखाली रोखता येणार नाही, असं आमचं वाचन आहे. अहवाल आल्याच्या दिवशी बोनस रोखल्याचा ईमेल पाठवून मोकळे झालेले दोन एचआर मॅनेजर या दिवाळीनंतर आमच्याकडे येऊन गेले. दोघांनाही रक्कम देऊन टाका असंच सांगितलं.